मुदतवाढ

सीएसाहेबांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही आणि १ जानेवारीलाही नाही. ते १ एप्रिलला उजाडतं, जुलैत धावायला लागतं आणि ऑक्टोबरअखेर धापा टाकत थांबतं. या धावपळीला त्यांच्या धंद्यात 'सीझन' म्हणतात. आंब्याच्या सीझनमध्ये माणसाचं वजन वाढतं ते खाऊन, लग्नाच्या सीझनमध्ये जेवून. साहेबांचं वाढतं बसून.

पुण्यात टिळक रोड, लक्ष्मी रोड, कर्वे रोड असा कुठलाही रस्ता घ्या, दुसऱ्या मजल्यावर एक तरी सीएसाहेब सापडतील. मे महिन्यात बघाल तर माणूस आदर्श. पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या, दुपारी घरचा डबा, रात्री साडेदहाला दिवा बंद. १ जुलैला 'सीए दिन' येतो. त्यांची इन्स्टिट्यूट १९४९ साली याच दिवशी स्थापन झाली. ऑफिसात केक कापला जातो आणि तिथून पुढे सगळंच कापलं जातं: आधी पर्वती, मग झोप, शेवटी डबा.

पगारदारांच्या रिटर्नची मुदत ३१ जुलै, टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर, ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर. शिवाय दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. त्यात क्लायंट शेवटच्या संध्याकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उगवतो. "साहेब, सगळं आणलंय, फक्त बँकेचं स्टेटमेंट राहिलंय." पोर्टलवर ते गोल चक्र फिरायला लागलं की हात रिकामे, आणि रिकाम्या हातात आर्टिकलशिप करणारी पोरं वडापाव ठेवतात. २०२५ साली ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस वाढली. ही वाढीव मुदत साहेबांना मिळाली असा सरकारचा समज होता. ती मिळाली क्लायंटला. पिशवी १४ तारखेला आली.

सीझन संपतो तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतात. त्यामुळे आरोग्याचा शुभारंभ तुळशीच्या लग्नानंतर, असा ठराव एकमताने मंजूर होतो. धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, मग पोटाचा आठ आठवडे ओढायला काय हरकत आहे?

हरकत घेतात डॉक्टर. रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी कारल्याचा रस घेतला होता आणि रात्रीचं जेवण टाळलं होतं. त्यांच्या भाषेत ताळेबंदाला रंग लावला होता. पण एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. सप्टेंबरमधले सगळे वडापाव तिच्यात रीतसर नोंदलेले निघाले. आकडा ६.२. मधुमेहाची रेषा ६.५ ला.

"एकवीस दिवस द्या मला, सवय लागते," साहेब म्हणाले. हा एकवीसचा आकडा पसरला तो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पर्वतीच्या पायऱ्यांशी त्याचा संबंध नव्हता. मुलीने फोनवर दुसराच अभ्यास काढून दाखवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय पाळायला लावली होती. ती अंगी मुरायला लागलेला काळ साधारण ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४.

साहेबांनी कॅलक्युलेटर ओढला. १ नोव्हेंबरपासून ६६ वा दिवस ५ जानेवारी. ठीक. २५४ वा दिवस १२ जुलै. साहेबांचा चेहरा पडला. सवय लागायची आणि सीझन लागायचा, एकाच महिन्यात!

पण त्याच अभ्यासातली एक ओळ त्यांनी तीनदा वाचली: मधला एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. रिटर्न एक दिवस उशिरा भरलं तर पाच हजारांपर्यंत फी लागते, आणि इथे शून्य? इतका उदार कायदा साहेबांनी उभ्या व्यवसायात पाहिला नव्हता. तुळशीच्या लग्नाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी ते पर्वतीच्या पायथ्याशी हजर.

प्रश्न उरला देखरेखीचा. नातेवाईक ऑडिटर चालत नाही, म्हणून बायको बाद. ती जागा पर्वतीवरच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी न विचारता घेतली. साहेब दोन दिवस दिसले नाहीत की तिसऱ्या दिवशी वरच्या पायरीवरून, चारचौघांत, "काय सीए, एक्स्टेन्शन का?" डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा हे औषध जास्त लागू पडलं. आधी डबा परत आला, मग झोप. फेब्रुवारीत आकडा ५.८ झाला आणि साहेबांना उपदेशाचा झटका आला. जूनमध्ये ऑफिसच्या दारावर पाटी लागली: 'संध्याकाळी ७ नंतर कागद स्वीकारले जाणार नाहीत.'

जुलैत पिशवीवाला आठ वाजता आला.

"बंद झालं," साहेब चपला घालत म्हणाले. "फारच घाई असेल तर उद्या पहाटे सहाला पर्वतीवर या. पिशवी घेऊन. मी वर असेन."

क्लायंट खरंच आला. चाळिसाव्या पायरीवर त्याने पिशवी खाली ठेवली, कठडा धरला आणि वर बघून ओरडला, "साहेब, याला मुदतवाढ नाही का हो?"