आधी कारखान्याचं दार दाखवा

नर्सिंगच्या सीईटीचा निकाल लागला की घरोघरी कॉलेजांची यादी उघडते. फी किती, वसतिगृह कसं, नोकरी कुठे लागते, परदेशी जाता येतं का? हे सगळं जरूर विचारा. पण ज्यांना कामगारांच्या आरोग्याचं काम करायचंय, त्यांनी आधी हे विचारावं: विद्यार्थ्यांना कारखान्यात किती दिवस पाठवता? ‘एका दिवसाची व्हिजिट असते’ असं उत्तर आलं, तर ते कॉलेज या कामाचं नाही. हेल्मेट घालून काढलेला ग्रुप फोटो म्हणजे शिक्षण नव्हे.

बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावलं: रोग्याला त्याचा धंदा विचारा. सव्वातीनशे वर्षं उलटली, तरी आपल्याकडे केसपेपरवर ‘मजुरी’ एवढं लिहिलं की काम भागतं. खडी क्रशरवरचा माणूस खोकत येतो. वजन उतरलेलं, चार पायऱ्या चढला की दम. एक्स-रेत डाग दिसले की टीबीच्या गोळ्या सुरू. तो सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार असू शकतो, किंवा दोन्ही एकदम. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. धुळीपासून वाचवणं एवढंच हातात असतं. ‘दादा, खडी कोरडीच फोडता की पाणी मारता?’ हा प्रश्न ज्या परिचारिकेला शिकवलाय, तिलाच वेळेवर शंका येते.

कानाच्या चाचणीचंही तेच. प्रेस शॉपमधल्या कामगाराची ऑडिओमेट्री पाळी सुटल्या सुटल्या उरकली, तर तात्पुरता दडा कोणता आणि कायमचं नुकसान कोणतं, कळत नाही. चाचणीचं मशीन चालवायला एका दुपारीही शिकता येईल. चाचणी कधी घ्यायची आणि मुकादमाकडून तेवढी सवड कशी काढायची, हे शॉप फ्लोअरवरच शिकावं लागतं.

शिवाय हे काम गेटपाशी संपत नाही. बॅटरीच्या कारखान्यातला बाप कामाच्याच कपड्यांत घरी गेला, तर शिशाची धूळ लेकराच्या पोटात जाते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायूने कारखान्याच्या कुंपणाला जुमानलं नाही. म्हणून पर्यावरणाचा भाग वगळून कामगार-आरोग्य शिकवणारं कॉलेज अर्धंच शिकवतं.

तेव्हा प्रवेशाआधी आणखी चार गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांपैकी कुणी प्रत्यक्ष उद्योगात काम केलंय का? धूळ, आवाज, रसायनं मोजायला कोण शिकवतं? सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेशी किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेशी काही संबंध आहे का? कोणता आजार सरकारला कळवणं बंधनकारक आहे, हे शिकवतात का? अमेरिकेत ‘नायॉश’ या कामगार-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या अनुदानावरच्या केंद्रांमध्ये परिचारिका, डॉक्टर, सुरक्षा अभियंते आणि औद्योगिक स्वच्छतातज्ज्ञ एकमेकांच्या बरोबरीने तयार होतात. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनीही या चौघांचं एकत्र काम कुठे चालतं, हे बघूनच विद्यापीठ निवडावं.

पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अँब्युलन्स रूम हवी, असं १९४८ चा कारखाने कायदा सांगत होता. २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेतही ती अट आहे. खोली कायद्याने मिळते, पण तिथे बसणारी परिचारिका फक्त मलमपट्टी करणार की आजाराचं मूळ शोधणार, हे तिच्या कॉलेजात ठरतं. म्हणून विद्यापीठाने प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या माहितीपत्रकात एक रकाना सक्तीचा करावा: विद्यार्थी कोणत्या कारखान्यात, किती दिवस, कुणाच्या हाताखाली शिकले. हा रकाना कोरा दिसला, तर पालकांनो, तिथे फी भरू नका.