हंगामी बिअर हंगामातच मिळावी

हंगामी बिअर प्यायला जायचं तर ती तिच्या हंगामात मिळावी, ताजी मिळावी, आणि हातात येईपर्यंत कुणी ती बिघडवू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. ती फार कमी वेळा पुरी होते. पुण्यात २००९ साली कोरिंथियन्स हॉटेलात डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तेव्हापासून हे शहर ताज्या बिअरला सरावलं. आता मुंढव्यापासून बालेवाडीपर्यंत हॉटेलांत काचेआड टाक्या दिसतात, आणि जवळजवळ प्रत्येक फळ्याच्या तळाशी ‘सीझनल’ म्हणून एक नाव असतं. ही चांगली गोष्ट आहे. म्हणूनच तिच्याबाबतीत चाललेल्या हेळसांडीचा मला त्रास होतो.

पहिली गोष्ट तारखेची. त्या फळ्यावर अल्कोहोलचं प्रमाण असतं, किंमत असते, कधीकधी खडूनं काढलेलं फळही असतं. सीझन कुठला, बिअर टॅपवर कधी आली, हे मात्र नसतं. वेटरला विचारलं तर तो “नवीन आहे सर” म्हणतो. दोन महिन्यांनी विचारलं तरी तेच म्हणतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. पण ही बिअर गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, तिच्यात यीस्ट जिवंत असतं. हॉप्सचा वास तर काही आठवड्यांतच उतरायला लागतो. चार दिवसांची आयपीए आणि तीन महिन्यांची आयपीए यांत जिभेला कळण्याइतका फरक असतो, आणि किंमत मात्र एकच असते. ज्यानं बिअर घातली त्याला तारीख पाठ असते. ती खडूनं लिहायला किती वेळ लागतो?

हंगाम ही मुळात जाहिरातीची कल्पना नव्हतीच. १५५३ साली बव्हेरियात हुकूम निघाला की बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात घालायची. उन्हाळ्यात हवेतले जंतू आणि रानटी यीस्ट बिअर नासवत. कारण ठाऊक नसलं, तरी उन्हाळ्यात बिअर नासते हे लोकांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून मार्चमध्ये जरा जड, जास्त ताकदीची बिअर घालायची, थंड तळघरात बर्फाच्या सोबतीनं ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवून पुरवून प्यायची. तिचं नावच मेर्त्सेन, म्हणजे मार्चची. तळघरं गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, त्यांच्या सावलीत बाकं आली, आणि म्युनिकच्या बिअर गार्डन तिथून सुरू झाल्या. शरद ऋतू आला की नवी बिअर घालायला पिंपं रिकामी हवीत, म्हणून उरलेली संपवायची. बेल्जियममधल्या वालोनियातली सेझों हीसुद्धा अशीच गरजेतून आली. थंडीत घालायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या मजुरांना पाजायची.

१८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत बसलं आणि ही सक्ती संपत गेली. आज पुण्यात भर मे महिन्यात बारा अंशांवर बिअर आंबवता येते. सक्ती गेली याबद्दल माझी तक्रार नाही. सक्ती नसतानाही ज्याला हंगामाचं नाव वापरायचं आहे, त्यानं तो पाळावा. नाहीतर त्या बिअरला साधी अंबर लागर म्हणावं. ते काही वाईट नाव नाही.

आपल्याकडे काय होतं? ऑगस्ट उजाडला की निळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पताका लागतात, वेटरांना चामड्याचे भासणारे पट्टे घालायला लावतात आणि ‘ऑक्टोबरफेस्ट स्पेशल’ सुरू होते. टाकीत काय आहे विचारलं तर नेहमीचीच लागर, थोडं कॅरॅमल माल्ट घालून तांबूस केलेली. ऑक्टोबरफेस्टशी जोडलेल्या मेर्त्सेनला भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव असते, ती म्युनिक आणि व्हिएन्ना माल्टमधून येते, आणि त्यानंतर कित्येक आठवडे थंडीत मुरल्यावर ती चव गोल होते. मुरायला टाकी अडकून राहते, टाकी अडकली की धंदा अडतो, हे मला समजतं. मग पताका लावू नयेत. खुद्द म्युनिकमध्ये या उत्सवात फक्त शहरातल्या सहा ब्रुअरींचीच बिअर चालते. नावाच्या बाबतीत ते लोक इतके कडक आहेत, आणि आपण ते नाव पताकेच्या दोऱ्यावर टांगून मोकळे होतो.

मग ऑक्टोबरात भोपळ्याची बिअर येते. ही अमेरिकेची चीज आहे. तिकडे वसाहतींच्या काळात माल्ट मिळायचं नाही तेव्हा लोक भोपळा आंबवत. पुढे १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्डमध्ये बफेलो बिल्स ब्रुअरीच्या बिल ओवेन्सनी ती पुन्हा आणली, आणि दालचिनी, जायफळ, लवंग यांच्या वासाची ती बिअर तिथल्या शरदाची खूण झाली. तिथं ती शोभते, कारण तिथं तेव्हा शेतं भोपळ्यांनी भरलेली असतात. पुण्यात ऑक्टोबरात सासवडच्या बाजारात पुरंदरची सीताफळं येतात. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. पाऊस सुरू होता होता जांभूळ येतं, त्याचा तुरटपणा आंबट बिअरमध्ये किती छान बसेल! सीताफळाचा गर अवघड आहे, मान्य. त्याचा वास नाजूक असतो आणि आंबवण्यात उडून जातो. पण स्ट्रॉबेरी आणि जांभूळ अवघड नाहीत, आणि ज्यांनी ती मनापासून वापरली त्यांच्या बिअर मी आवडीनं प्यायलो आहे. घरासमोर हंगाम चालू असताना दुसऱ्या खंडातला हंगाम विकत आणायचा, हे मला पटत नाही.

आता आंब्याबद्दल. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आंब्याची बिअर ही आपल्याकडची खरी हंगामी बिअर होऊ शकते. आंबा इथला, हंगाम इथला, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात हलक्या गव्हाच्या बिअरबरोबर त्याचं जमतंही चांगलं. चांगला ब्रुअर काय करतो? बिअर बरीचशी आंबली की मग पिकलेल्या हापूसचा गर टाकीत घालतो. यीस्ट त्या गरातली साखर खातं. उरतो तो आंब्याचा वास, किंचित आंबटपणा, आणि गिळल्यावर नाकाशी रेंगाळणारी ती सालीजवळची राळेसारखी छटा. बिअर गोड राहत नाही. राहूच शकत नाही, कारण साखर खाणं हेच यीस्टचं काम आहे. अशी बिअर मी प्यायलो आहे आणि ती ज्यानं केली त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

पण गिऱ्हाईक पहिला घोट घेतं आणि म्हणतं, “आंबा लागतच नाही.” त्याला आंबा म्हणजे आमरस हवा असतो. मॅनेजर घाबरतो. पुढच्या आठवड्यात बिअर आंबून झाल्यावर वरून सिरप पडतं, आणि मग ती गोडमिट्ट, पिवळीधमक बिअर सगळ्यांना आवडते. दुसरी तऱ्हा डब्यातल्या गराची. डबाबंद करताना गर तापवावा लागतो आणि तापवला की ताज्या फळाचा वास जाऊन शिजल्यासारखा वास येतो. डबे वर्षभर मिळतात, म्हणून बिअरही वर्षभर मिळते. डिसेंबरात, बाहेर शेकोट्या पेटलेल्या असताना, मला एका ठिकाणी आंब्याची बिअर ‘सीझनल’ म्हणून दिली गेली. ज्या शहरातले लोक हुरड्यासाठी थंडीची वाट बघतात आणि मे महिन्यात कुणी हुरडा दिला तर त्याच्याकडे संशयानं बघतात, त्याच शहरात हे चालतं. देवगड आणि रत्नागिरी यांतला फरक वासावरून सांगणारी माणसं ही बिअर निमूट पितात.

बिअर चांगली असली तरी ती मिळेपर्यंत अनेकांचे हात लागतात, आणि प्रत्येक हात काहीतरी करतो. बर्फानं पांढरा झालेला ग्लास तर सगळीकडे. आपल्याकडे उकडतं, थंडगार हवंसं वाटतं, हे खरं. पण फ्रीझरमधल्या ग्लासात बिअर ओतली की आतल्या हिमकणांवर फेस उसळतो, तो हिम वितळून बिअरमध्ये मिसळतो, आणि गारठ्यानं जीभ बधिर झाल्यावर चव कळत नाही. गव्हाची बिअर सहा-आठ अंशांवर छान लागते. पावसाळ्यात केलेली जड काळी स्टाउट दहा-बारा अंशांवर उलगडते, तेव्हा तिच्यात कॉफी, कोको, भाजलेली सातू सगळं सापडतं. तीच शून्याजवळ दिली तर काळं कडू पाणी लागते. मी साधा ग्लास मागतो तेव्हा वेटर आत जाऊन परत येतो आणि सांगतो, “सर, साधा ग्लास गरम आहे.” मला तोच हवा असतो.

तो साधा ग्लास तरी धुतलेला असावा. बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर तिथं तेल किंवा साबण राहिला आहे असं समजावं. तशा ग्लासात फेस टिकत नाही. आणि फेसाबद्दल तर आपल्याकडे वैरच आहे. दोन बोटं फेस आला की शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणतो, “अर्धा ग्लास हवाच आहे, भरून आण.” मग बारमन चमच्यानं फेस काढतो आणि काठोकाठ भरतो. बिअरचा वास नाकापर्यंत पोचतो तो फेसातून. गव्हाच्या बिअरचा लवंगेसारखा आणि केळ्यासारखा वास तिथंच असतो. तो यीस्टमधून येतो, त्यात ना लवंग घातलेली असते ना केळं. फेस काढून टाकल्यावर तोच माणूस म्हणतो की या बिअरला काही वासच नाही.

लिंबाची चकती तर न विचारता लावतात. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे उकळतानाच घातलेले असतात, ब्रुअरनं त्याचं प्रमाण ठरवलेलं असतं. वरून लिंबू टोचलं की सालीतल्या तेलानं फेस मोडतो आणि उरलेल्या ग्लासभर फक्त लिंबूच लागतं. संत्र्याची फोडही नको.

छोट्या ग्लासांचा ट्रे मागवावा तर तोही कसाही येतो. हंगामी बिअर चाखायची ही खरी रीत आहे: फिकी आधी, मग तांबूस, मग काळी, आणि हॉप्सची कडू शेवटी, कारण कडवटपणा एकदा जिभेवर बसला की नंतरचं काही कळत नाही. ट्रे आणणारा मुलगा आयपीए सगळ्यात पुढे ठेवतो, कुठल्या ग्लासात काय आहे ते एका दमात सांगतो आणि वर मोठ्यानं वाजणाऱ्या गाण्यात त्यातलं निम्मं ऐकू येत नाही. सोबत तिखट शेंगदाणे आणि मसाला पापड येतात. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरची एकमेकांना भडकवतात. पापडाच्या दोन तुकड्यांनंतर कुठलीही आयपीए नुसती जाळते. साधे खारे दाणे मागितले तर ते नसतात.

मित्रमंडळींचंही सांगतो. हंगामी बिअर आली की ते आधी फोटो काढतात. फोटोसाठी ग्लास उजेडात न्यायचा, काचेला टेकवायचा, कोन बदलायचा. तोवर फेस बसतो. आमच्यातला एकजण दर वेळी, न चुकता, बिअरची टक्केवारी विचारतो आणि साडेचार ऐकल्यावर म्हणतो, “मग चढणार कशी?” देशात स्ट्राँग बिअरच जास्त खपते, त्यामुळे हा प्रश्न मला कुठंही ऐकावा लागतो. साडेचार टक्क्यांच्या बिअरमध्ये दोष लपवायला जागा नसते, ती करणं जास्त कठीण असतं, हे मी त्याला सांगत आलो आहे आणि सांगत राहणार आहे.

अमेरिकेत याकिमा खोऱ्यात ऑगस्टअखेर हॉप्सची तोडणी सुरू होते. ओल्या हॉप्सची फुलं दिवसाभरात खराब होऊ लागतात, म्हणून ती न वाळवता थेट उकळत्या बिअरमध्ये घालतात. सिएरा नेवाडानं १९९६ साली अशी बिअर काढली. ती वर्षातून एकदाच होऊ शकते आणि संपली की संपते. त्याबद्दल तिथं कुणी भांडत नाही. आपल्याकडे लाहौलच्या खोऱ्यात हॉप्स होतात, पण इथल्या टाक्यांत बहुतेक वाळवलेल्या, आयात केलेल्या गोळ्याच पडतात. त्यामुळे ही एक बिअर आपल्याला मिळत नाही आणि ती मी मागतही नाही.

मी मागतो ते इतकंच की आंब्याची बिअर संपली तर ती संपू द्यावी. गिऱ्हाईक नाराज होतं, “मागच्या आठवड्यात तर होती” म्हणतं, कधी मालकाला फोन लावायची भाषा करतं. मॅनेजरनं अशा वेळी डबे मागवू नयेत. पाऊस लागला आणि टाकी रिकामी झाली की ब्रुअरनं ती धुवावी, जांभूळ मिळत असलं तर ते आणावं, आणि आंब्याची चौकशी करणाऱ्याला पुढच्या एप्रिलमध्ये यायला सांगावं. मी येईन.