उजवं-डावं

पानात मीठ कुठे वाढायचं, यासाठी आपल्याकडे कुणाला बैठक बोलवावी लागत नाही. वर मधोमध मीठ, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. शेजारच्याशी भाऊबंदकीच्या गप्पा रंगल्या तरी बोट बरोबर लोणच्यावर पडतं, पानाकडे बघावंही लागत नाही.

संगणकावर राइट क्लिकचा मेन्यू वाढणाऱ्यांना ही रीत कुणी शिकवलेली दिसत नाही.

1995 साली विंडोज 95 आलं आणि माउसच्या उजव्या बटणाला खरी नोकरी लागली. फाइलवर बटण दाबा, त्या फाइलचं जे करता येईल ते समोर हजर. छानच होतं. मग जे सॉफ्टवेअर घरात आलं, त्याने त्या मेन्यूत आपली एकेक ओळ घुसवली. फाइली आवळणारा आला, व्हायरस पकडणारा आला, गाणी वाजवणारा आला. गेला कुणीच नाही. साधं ‘कॉपी’ शोधायचं तर या सगळ्या पाहुण्यांना ओलांडून जायचं.

2021 मध्ये विंडोज 11 ने घर आवरायला काढलं. कट, कॉपी, रिनेम, डिलीट यांची अक्षरं काढून नुसती चित्रं ठेवली. पाहुण्यांपैकी बरेचसे ‘शो मोअर ऑप्शन्स’ नावाच्या दारामागे गेले. दार उघडलं की जुना मेन्यू जसाच्या तसा! याला आवरणं म्हणत नाहीत. पाहुणे येणार म्हणून पसारा बेडरूममध्ये ढकलून कडी लावणं म्हणतात. शिवाय चित्रांची ती पट्टी कर्सरच्या जवळ राहावी म्हणून कधी मेन्यूच्या माथ्यावर, कधी पायथ्याशी. हाताचं अंतर वाचलं, कबूल. पण हात आधी कुठे न्यायचा, हे डोळ्यांना विचारावं लागतं त्याचं काय? कात्रीचं चित्र पोरालाही कळतं, रिनेमचं मात्र कोडंच. त्या चित्रांना नावं लावायला 2024 उजाडलं.

टास्कबारची गंमत तर और. विंडोज 10 मध्ये त्यावर राइट क्लिक केलं की भलीमोठी यादी यायची. विंडोज 11 आलं तेव्हा उरली एकच ओळ: टास्कबार सेटिंग्ज. यंत्र अडकलं की ज्याच्या नावाने धावा करायचा तो टास्क मॅनेजरही तिथून हद्दपार. वर्षभराने त्याला परत बोलावून जागेवर बसवलं.

ॲपलचं सोवळं वेगळं. मॅकवर कंट्रोल दाबून मेन्यू उघडायची सोय 1997 साली, मॅक ओएस 8 मध्ये आली. त्यांचा डिझायनरांना उपदेश असा, की अशा मेन्यूत आत्ता न चालणारी ओळ फिकट करू नका, दाखवूच नका. नीटनेटकं वाटतं खरं. मला पटत नाही. चटणी संपली म्हणून कोशिंबीर तिच्या जागी सरकत नाही. वाढपी परत येईपर्यंत ती जागा रिकामी राहते. फिकट ओळ म्हणजे ती रिकामी जागा. ती पुसलीत की खालच्या सगळ्या ओळी वर चढतात आणि सवयीने गेलेलं बोट भलत्याच पदार्थात बुडतं.

बुडालंच. आमच्याकडे हिशेबाचं एक सॉफ्टवेअर होतं. डावीकडच्या पॅनेलमध्ये खात्यावर राइट क्लिक केलं, की तिसरी ओळ ‘प्रत काढा’. उजवीकडच्या पॅनेलमध्ये तेच खातं, तेच बटण, आणि तिसरी ओळ ‘काढून टाका’. ऐन मार्चअखेरीस मी एका खात्याची प्रत काढायला गेलो आणि खातंच काढलं. तक्रार केली तर पलीकडून गोड उत्तर: “सर, नावं नीट वाचायची ना!” वाचायचंच असेल तर हाताला सवय कशाला लावली?

ऑफिस 2000 मधले वरचे मेन्यूही असेच अतिशहाणे होते. आपण काय वापरतो यावर डोळा ठेवून ते बाकीचं दडवून ठेवायचे. घरातल्या मोलकरणीने आपल्या आवडीचा अंदाज बांधून रोज डबे हलवावेत, तसं. 2007 मध्ये त्या मेन्यूंच्या जागी ‘रिबन’ नावाची बटणांची पट्टी आली आणि ही सेवा थांबली.

एक आधार होता, कीबोर्डवरची मेन्यूची कळ. माउस न धरता राइट क्लिकचाच मेन्यू उघडणारी. आता पुष्कळ नव्या लॅपटॉपवर तिच्या आसपास कोपायलट नावाच्या कृत्रिम मदतनिसाची कळ आली आहे, आणि कुठेकुठे तर तिच्याच जागेवर. मेन्यू कुठे गेला, हे त्यालाच विचारावं म्हणतो.