क्रेडिटसह प्रवेश

स्वामी रामानंद तीर्थ आज स्वतःच्याच नावाच्या विद्यापीठात प्रवेश घ्यायला आले, तर पात्रता विभागाच्या खिडकीवरूनच त्यांना माघारी फिरावं लागेल. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. म्हणजे डोमिसाइलची पंचाईत. शिक्षण आधी अमळनेरला आणि मग पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. ते तर असहकाराच्या लाटेत, १९२१ साली, सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून निघालेलं. तेव्हा समकक्षता प्रमाणपत्र जोडा. कागदोपत्री नाव व्यंकटेश खेडगीकर आणि समोर उभे रामानंद तीर्थ. गॅझेटची प्रत कुठंय? मधली वर्षं निजामाच्या तुरुंगात गेली म्हणता? मग प्रतिज्ञापत्रावर गॅप सर्टिफिकेट आणा. हैदराबाद मुक्त केल्याचं क्रेडिट कोणत्या रकान्यात भरायचं, हे अर्जात दिलेलं नाही. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. त्याआधी अंबाजोगाईच्या पोराला लातूरच्या कॉलेजात यायचं तर नुसती एसटी पकडावी लागे. मुक्तिदिनी विद्यापीठाची हद्द पडली आणि तेव्हापासून तेवढ्याच प्रवासाला 'मायग्रेशन' लागतं. बाहेरून आलेल्याला काय येतं, हे विचारण्याआधी तो कुठून आला हे विचारायचं, ही आपली रीत. आणि या चौकशीत 'काय येतं' हा प्रश्न बहुतेकदा राहूनच जातो.

पन्नास किलोमीटरवरून येणाऱ्याची ही गत, तर परदेशातून मध्येच परतलेल्याची काय असेल? ते २०२२ साली कळलं. लातूरचा ट्यूशन एरिया आणि नांदेडमधले क्लास मिळून दरवर्षी जेवढी पोरं 'नीट'ला बसवतात, तेवढ्या सरकारी जागा साऱ्या मराठवाड्यात नाहीत. खासगी कॉलेजची फी झेपत नाही, म्हणून शेत विकून किंवा कर्ज काढून पोरगं युक्रेनला जायचं. २४ फेब्रुवारीला तिथे युद्ध पेटलं. सरकारने विमानं पाठवून मुलांना सुखरूप आणलं, विमानतळावर फुलं दिली. आणि पुढच्या शिक्षणाचा विषय निघताच कायद्याचं पुस्तक उघडलं. परदेशातल्या मेडिकल विद्यार्थ्याला मध्येच इथल्या कॉलेजात घेण्याची तरतूदच नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं. तरतूद नव्हती हे खरंच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीत तर उलटीच अट होती: संपूर्ण अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करायची. त्या संस्थेवर बॉम्ब पडले तर काय, हे लिहायचं राहून गेलं. पुढे आयोगाने दुसऱ्या देशात बदली घ्यायला हरकत नाही असं कळवलं. म्हणजे लोह्याचं पोरगं खारकिवहून जॉर्जियाला जाऊ शकत होतं. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या मेडिकल कॉलेजात मात्र नाही.

न्यायालयात केंद्राने कारण दिलं ते गुणवत्तेचं. ही मुलं 'नीट'मध्ये कमी गुण मिळाल्यामुळे किंवा फी स्वस्त म्हणून बाहेर गेली. त्यांना चांगल्या कॉलेजांत घेतलं, तर जागा न मिळालेले इथले विद्यार्थी कोर्टात जातील. युक्तिवाद वजनदार आहे. पण त्याच केंद्राने पुढच्या मार्चमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या मुलांसाठी तोडगा काढला: कोणत्याही कॉलेजात नाव न घालता एमबीबीएसच्या अंतिम वर्षाचे दोन्ही भाग, लेखी आणि प्रात्यक्षिक, द्या, पास झालात तर दोन वर्षं इंटर्नशिप करा. केंद्र एक संधी देत होतं, न्यायालयाने दोन दिल्या. तिकडून पूर्ण पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी एफएमजीई ही परीक्षा आहेच. वर्षातून दोनदा, ३०० पैकी १५० गुण. म्हणजे सहा वर्षं आणि बापाची जमीन संपल्यावर पोराची लायकी परीक्षेने मोजता येते. तिसऱ्या वर्षी मात्र ती मोजण्याचं साधन भारतात उपलब्ध नाही! चौदाशे वर्षांपूर्वी ते होतं. ह्युएन त्संग लिहून गेला आहे की नालंदेत दूरदेशीहून येणाऱ्याला दारावरच अवघड प्रश्न विचारत आणि दहांतले सात-आठ जण तिथूनच परत जात. दारपंडित मेहेरबान नव्हते, पण प्रश्न विषयाचा विचारत. ह्युएन त्संगकडे चीनमधून बाहेर पडायची परवानगीही नव्हती. आपल्या खिडकीवर त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी निकालात निघाला असता.

यावर आक्षेप येतात, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. जागा, खाटा, शिक्षक मोजके आहेत, हा त्यातला खरा. पण परीक्षा घेणं म्हणजे सरसकट आत घेणं नव्हे. नालंदेनेही बहुतेकांना बाहेरच ठेवलं होतं. पास होणाऱ्याला रिकाम्या जागेची वाट पाहू द्या. दुसरा आक्षेप गुणवत्तेच्या पावित्र्याचा. ज्या 'नीट'च्या गुणांवर हे पावित्र्य तोलायचं, त्याच 'नीट'मधल्या गैरव्यवहाराच्या संशयावरून जून २०२४ मध्ये नांदेडच्या एटीएसच्या तक्रारीवरून लातुरातल्या दोन शिक्षकांवर गुन्हा नोंदवला गेला आणि तपास सीबीआयकडे गेला. तेव्हा पावित्र्याबद्दल जरा हळू आवाजात बोलावं. तिसरा आक्षेप रुग्णांच्या जिवाचा. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. तेव्हा चर्चा झाली ती औषधांची आणि अपुऱ्या मनुष्यबळाची, आणि एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती संडास धुवायला ब्रश दिला. रुग्णाची काळजी करायची तर विषय पुष्कळ आहेत. चौथा आक्षेप मोठा गोड आहे: इथल्या इथे एका मेडिकल कॉलेजातून दुसऱ्यात जाणंही २०२३ च्या नियमावलीने बंद केलं, मग परदेशातल्यांचे लाड कशाला? गैरसोय सर्वांना समान वाटून देणं हीही एक समता आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने नवे, सुटसुटीत नियम आणले. त्यातून वैद्यक, फार्मसी, नर्सिंग, कायदा हे विषय वगळले आहेत. म्हणजे आमच्याकडची पोरं ज्यासाठी मुळात घर सोडतात, तेच.

एवढं करूनही कुणी म्हणेल की मधल्या वर्षात संस्था बदलण्याची व्यवस्था आपल्याकडे बसवणंच अशक्य आहे. हे मात्र खोटं. ज्यांच्या वडिलांचं नाव विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजला आहे, त्या अशोक चव्हाणांनी १२ फेब्रुवारी २०२४ रोजी काँग्रेस सोडली, १३ ला भाजपमध्ये प्रवेश घेतला आणि १४ ला राज्यसभेच्या उमेदवारांत त्यांचं नाव आलं. पहिल्या दिवशी मायग्रेशन, दुसऱ्या दिवशी एलिजिबिलिटी, तिसऱ्या दिवशी मेरिट लिस्ट. माजी मुख्यमंत्रिपदाची क्रेडिटं जशीच्या तशी धरली गेली. दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळत नाही, तेव्हा पहिल्या वर्षापासून बसा, असं त्यांना कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. लातूरला अर्चना पाटील चाकूरकर यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये भाजपमध्ये प्रवेश केला आणि नोव्हेंबरमध्ये लातूर शहरातून विधानसभेच्या उमेदवारही झाल्या. तिथे अमित देशमुख निवडून आले, मतदारांनी अर्चनाताईंना काही पास केलं नाही. पण परीक्षेला बसू दिलं होतं.