सेव्हभाऊ

तुमसरच्या बाजारगल्लीत आठ बाय दहाचं एक दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पॅनकार्ड, लॅमिनेशन असं सगळं लिहिलेलं आहे. जे लिहिलेलं नाही ते तिथं फुकट मिळतं. दुकानाचा मालक तुम्हाला आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. त्यानं ड्रॅगन मारले आहेत. बर्फाच्या डोंगरावरच्या मठात राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडून विद्या घेतली आहे. वजिराच्या कैदेतून एक राजकन्या सोडवली आहे, तीसुद्धा एका तासाच्या आत. एवढं सगळं करताना तो देव्हाडी स्टेशनच्या पलीकडे फारसा गेलेला नाही.

सगळे त्याला सेव्हभाऊ म्हणतात. खरं नाव आधारकार्डावर आहे आणि त्याची कॉपी त्यानं सात ठिकाणी ठेवली आहे.

मी त्याचा शाळेतला मित्र. आता नागपुरात असतो. दिवाळीला गावी आलो की त्याच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. तेव्हा धानाचा हंगाम असतो. आधारभूत केंद्रावर धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, म्हणून दुकानात सातबारा हातात धरलेल्या माणसांची रांग असते आणि सर्व्हर बसलेला असतो. सर्व्हर बसला की सेव्हभाऊ उभा राहतो.

"काका, हे कसं आहे, तीन वस्तू जमा करायच्या. सातबारा, आधार, पासबुक. डायब्लो टूमध्ये बी असंच होतं. पेटी, ताईत अन् काठी. तीन जागेवरून आनलो, जोडलो, तवा कुठं त्या थडग्याचा दरवाजा उघडला."

"तुमचा उघडला ना बावा," काका म्हणतात. "मले तलाठीच भेटून नाही राहिला."

"तो ठरल्या दिवशीच दिसते. असे पात्र राहतेत खेळात."

काका बाकीच्यांकडे पाहतात. बाकीचे मान डोलावतात. तलाठ्याबद्दल इतकं नेमकं कोणी सांगितलेलं नसतं.

'जोडलो', 'आनलो' वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडखळायला होईल, म्हणून सांगतो. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत कर्ता क्रियापदाला सोडत नाही. प्रमाण मराठीत 'मी ड्रॅगन मारला' म्हटलं की क्रियापद लगेच ड्रॅगनच्या बाजूला जाऊन उभं राहतं. झाडीत 'मी ड्रॅगन मारलो'. मेला ड्रॅगन, पण वाक्यात सगळीकडे मीच. ही बोली सेव्हभाऊला नजरेसमोर ठेवूनच घडली असावी असं मला कधीकधी वाटतं.

माझी त्याच्याबद्दल एक जुनी तक्रार आहे आणि ती याच क्रियापदाशी संबंधित आहे. ती सांगायची तर नववीच्या उन्हाळ्यात जावं लागेल. तेव्हा गावात पहिल्यांदा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळलेली असायची, मॉनिटर काळा-पांढरा, आणि एका मशीनवर दोन पोरं. शिकायला डॉस होतं, पण शिकलो आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन पोरानं तो १९८९ मध्ये काढला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून तो राजपुत्र खराखुरा अडखळतो, काठावर येऊन तोल सावरतो. बारा तळघरं पार करून राजकन्येपर्यंत पोचायला घड्याळी ६० मिनिटं. आमची बॅच अर्ध्या तासाची. त्यात तिसऱ्या तळघराच्या आधी खेळ सेव्हच करता येत नसे, आणि तुमसरची लाइट तिसऱ्या तळघराची वाट पाहत नसे.

कीबोर्ड एक, आम्ही दोघं. बाण त्याच्याकडे, शिफ्ट माझ्याकडे. आता ज्यांनी तो खेळ खेळला आहे त्यांच्या लक्षात येईल की त्या खेळात शिफ्ट म्हणजे काय. काठाला लटकायचं तर शिफ्ट. जपून एक पाऊल टाकायचं तर शिफ्ट. बाटलीतलं औषध प्यायचं तर शिफ्ट. तलवारीचा वार करायचा तर शिफ्ट. थोडक्यात, राजपुत्र पळायचा तो, आणि लटकायचा, प्यायचा, लढायचा मी. त्या बाटल्यांपैकी लाल औषधाच्या आणि निळ्या विषाच्या. काळ्या-पांढऱ्या मॉनिटरवर दोन्ही करड्या. असं कितीदा तरी विष मी प्यालो आहे.

शेवटच्या तळघरात राजपुत्राची स्वतःचीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की घाव आपल्याला बसतो. आम्ही चार दिवस असे स्वतःच्याच हातून मेलो. पाचव्या दिवशी सेव्हभाऊचं बोट घसरून खालच्या बाणावर पडलं. त्या खेळात खालचा बाण दाबला की तलवार म्यानात जाते. राजपुत्र निःशस्त्र चालत गेला, सावली त्याच्यात मिसळली, वाट मोकळी झाली. आज सेव्हभाऊ हा प्रसंग रांगेतल्या शेतकऱ्यांना सांगतो तेव्हा आवाज खाली नेतो: "मी समजलो का याच्याशी भांडायचं नाही. मी तलवार ठेवलो." ऐकणाऱ्यांपैकी एकदोघांचे बांधाचे खटले चालू असतात. ते विचारात पडतात. बोट घसरलं हे मला ठाऊक आहे. पण मी बोललो नाही. मी फक्त शिफ्ट होतो.

सेव्ह करण्याचं वेड तिथून लागलं. पुढं त्यानं नेट कॅफे काढला तेव्हा भारनियमनाचे दिवस होते आणि ते वेड पक्कं झालं. अजूनही तो सही करण्याआधी थांबतो. प्रत्येक पावतीच्या तीन प्रती. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीवर वाकून मला म्हणाला होता, "इथं एक सेव्ह पाहिजे होता." हे पुढं वहिनींच्या कानावर गेलं. त्या मोहाडीच्या. म्हणाल्या, "जुनी फाइल उघडायची असन तर उघडा. माहेर माझं कितीक दूर आहे?" त्या दिवसापासून घरात तो सेव्ह हा शब्द काढत नाही.

दुसरा गुण साठवण्याचा. 'स्कायरिम' हा २०११ चा खेळ, नॉर्वेसारख्या थंड मुलखातला. त्यात सुरुवातीला तुम्हाला ३०० वजन वाहता येतं. त्यावर एक चमचा जरी उचलला तरी माणूस धावायचा बंद होतो आणि रखडत चालतो. सेव्हभाऊचा वीर अख्ख्या मुलखात रखडत चालला. झाडू, बादल्या, चीजचे गोल, मेलेल्यांच्या चपला, काही म्हणता काही सोडलं नाही. औषधाच्या बाटल्या तर प्रसंगाला लागतील म्हणून एकही उघडली नाही. अल्डुइन नावाचा मुख्य ड्रॅगन मेला, मुख्य कथा संपली, आणि झोळीत ऐंशीच्या वर बाटल्या जशाच्या तशा.

घरीही तेच. लग्नातला शर्ट अजून पॉलिथिनमध्ये आहे. चांगली छत्री पावसात नेत नाही. गेल्या वर्षी पाहुण्यांसाठी राखलेल्या चिन्नोर तांदळाचा डबा उघडला तर आत पाहुण्यांआधी सोंडे येऊन बसले होते. "वेळ आली तर लागन," हे त्याचं उत्तर. वेळ येते तेव्हा तो आणखी मोठ्या वेळेसाठी थांबतो.

पण गोष्ट सांगावी त्यानंच. दुकानात एकदा तो 'विचर थ्री' सांगत होता. २०१५ चा खेळ, पोलंडमध्ये झालेला. पांढऱ्या केसांचा गेराल्ट, राक्षस मारून पोट भरणारा, आपल्या मानलेल्या मुलीला शोधत गावोगाव फिरतो. आता त्या खेळात प्रत्येक गुत्त्यात ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव मांडलेला असतो आणि जगभरच्या खेळाडूंनी मुलगी बाजूला ठेवून तो डाव खेळला आहे. सेव्हभाऊनंही खेळला. रंगात येऊन तो डाव सांगू लागला तसे सिहोऱ्याकडचे एक म्हातारे मधेच म्हणाले, "थांब गा. पोरगी हरवली, अन् हा पत्ते खेळून राहिला?"

"तसं नाही बुवा, पत्ते जिंकले का—"

"कोनाची पोरगी म्हनला?"

"मानलेली."

"तरीच," म्हातारे म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. मी या खेळाची पुष्कळ परीक्षणं वाचली आहेत. एवढं नेमकं एकही नव्हतं.

त्याची मतं ठाम आहेत. ज्या खेळात वाट दाखवणारा बाण आला तो खेळ त्याच्या लेखी मेला. "वाट चुकलो नाही तर खेळलो काय?" दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याला चोरी दिसत नाही, ही 'स्कायरिम'मधली सोय त्याला मानवी बुद्धीची कमाल वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी, दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची कथा सांगतात, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्या. हा खेळ पाहून त्याचे डोळे भरले होते. पहिल्यांदाच खेळातलं देऊळ त्याला देवळासारखं वाटलं. पण खेळ पाच-सहा तासांत आटोपतो आणि शेवट अधांतरी सोडतो. सेव्हभाऊ पडद्यासमोरून उठला आणि म्हणाला, "अर्धा पुन्यातच ठेवून घेतला. हा बी अनुशेषच."

गेल्या दिवाळीत मी त्याला एक गोष्ट सांगितली. या सगळ्या साहसी खेळांचा मूळ पुरुष विल क्राउथर, अमेरिकेतला प्रोग्रॅमर. त्यानं १९७५-७६ च्या सुमारास आपल्या दोन मुलींसाठी पहिला साहसी खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हतं, नुसता मजकूर. पण त्यातली गुहा खरी होती. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये हा माणूस स्वतः दोर लावून उतरायचा, नकाशे काढायचा. "आणि तू," मी म्हटलं, "'स्कायरिम'मधल्या मठाच्या सात हजार पायऱ्या मोजल्यास, तेवढ्या भरत नाहीत म्हणून चिडलास, आणि आंबागड पाहिला नाहीस."

हे त्याला लागलं. आंबागड तुमसरहून गाडीनं अर्ध्या तासावर, सातपुड्याच्या टेकडीवर. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणानं सुमारे १७०० मध्ये बांधलेला. पुढं भोसल्यांच्या अमलात तिथं कैदी ठेवत आणि आतल्या विहिरीचं कुजकं पाणी पाजून त्यांना संपवत, असं सांगतात. हे ऐकून त्याचे डोळे चमकले. "विषाची विहीर? माझ्या गावापाशी?"

सकाळी तो पाठीवर भलीथोरली पिशवी घेऊन आला. दोन टॉर्च, दोर, सेल, पट्ट्या, ओआरएस, बिस्किटांचे सहा पुडे, सातबाऱ्याच्या कॉपीसुद्धा. वाट मोबाइलवर बाण पाहत गाठली. मी काही बोललो नाही. चढताना धाप लागली तेव्हा "पानी पी" म्हटलं तर "वर लागन" म्हणाला. वर पोचल्यावर प्रत्येक बुरुजाच्या कोपऱ्यात हात घालून पाहिलं, प्रत्येक सैल दगड ढकलला, विहिरीत वाकून हाक मारली आणि थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली. मग तटावर बसून खालचा हिरवा-पिवळा धानपट्टा पाहत म्हणाला, "ग्राफिक्स चांगले आहेत. पन काही होऊन नाही राहिलं."

तेवढ्यात झालं. तीन वांदरं आली. एकानं पिशवी ओढली. सेव्हभाऊ पळाला. लहानपणापासून पळण्याचं खातं त्याच्याकडेच होतं. मी पिशवीचा पट्टा धरला आणि तटाच्या काठावर अर्धा लटकलो. वांदराला बिस्किटं मिळाली, मला पिशवी.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर बसला होता. मी दुकानाच्या पायरीशी आलो तर आतून आवाज येत होता. रांग गप्प होती. वांदरं सात झाली होती. सूर्य मावळत होता, जो आम्ही गेलो तेव्हा डोक्यावर होता. "मी एकटाच," सेव्हभाऊ म्हणाला, "पट्टा धरलो अन् लटकलो."

पट्टा मी धरला होता.