काही-नको-काका

डिसेंबर उजाडला की वसईच्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या भेटींची यादी सुरू होते. आईला साडी, मुलीला पैंजण, नातवाला सायकल, फादरना केक. यादी भराभर खाली सरकते आणि शेवटच्या नावाशी येऊन अडते. तिथे घरातला कर्ता पुरुष असतो. वय साठीच्या पुढे, अंगात बनियन, चष्म्याला दोरी, हातात पक्कड. त्याला विचारावं, "नाताळला काय हवं?" तर उत्तर ठरलेलं. "मला? मला काय करायचंय?"

गिरीजपासून आगाशीपर्यंत कुठल्याही आळीत शिरा, हा माणूस भेटतोच. उत्तनला भेटतो, गोराईला भेटतो. गोव्यात तोच "म्हाका कांयच नाका" म्हणतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतो. आम्ही आपसांत त्याला काही-नको-काका म्हणतो. समोर अर्थातच नुसतं काका.

काकांच्या उमेदीची वर्षं विरार लोकलच्या दारात उभ्याने गेली. जे लागलं ते त्यांनी स्वतः आणलं, आणि जे आणलं ते अजून चालू आहे. त्यामुळे विकतच्या भेटीचे सगळे रस्ते बंद. गेल्या नाताळचा शर्ट टाचण्यांसकट खोक्यात आहे, त्याच्या आदल्या नाताळचा त्याच्या खाली. पाकीट दिलं तर नव्या पाकिटात जुनी वीजबिलं जातात आणि जुनं पाकीट रबरबँड लावून खिशात राहतं. अत्तर दिलं तर "मी काय नवरदेव आहे?" आखातातल्या मुलाने आणलेल्या बटर बिस्किटांपैकी एकही त्यांनी खाल्लं नाही, पण डबा रिकामा व्हायची वाट बघत बसले, आणि रिकामा झाल्या दिवशी त्यात खिळे भरले.

मग घरातल्या बायकांच्या डोक्यात ती कल्पना येते, जी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात येतेच. आपण काहीतरी घरी करून देऊ या. वरवर पाहता बेत बिनतोड आहे. घरी केलेल्या वस्तूची किंमत विचारता येत नाही, ती दुकानात परत करता येत नाही आणि "कशाला एवढा खर्च केलास?" हे काकांचं हुकमी वाक्य वाया जातं. काकांनाही हे कळतं. म्हणून नाताळच्या सकाळी हातात मऊ पुडकं पडलं की त्यांचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागलेल्या माणसासारखा होतो.

पहिला मान लोकरीचा. थोरल्या लेकीने दोन उलट, दोन सुलट करत तपकिरी मफलर विणला. वसईचा डिसेंबर! पहाटे मिस्सेहून परतताना जरा गार वाटतं, घरी येऊन चहा प्यायला की पंखा लावावा लागतो. काकांनी मफलर गळ्याभोवती घेतला, फोटो निघेपर्यंत ठेवला आणि "ऊबदार आहे" असं प्रमाणपत्र दिलं. ते खरंही होतं. दहा मिनिटांत कपाळ घामाने डबडबलं होतं. पुढच्या रविवारी लेक वाडीत गेली तेव्हा मफलर विहिरीवरच्या मोटारीला गुंडाळलेला दिसला. "दव पडतं गं," काका म्हणाले, "गंजेल ती." लेकीने राग धरला नाही, कारण मफलर खरोखर वापरात होता आणि घरात असं भाग्य दुसऱ्या कुठल्याच भेटीला आलं नव्हतं.

धाकटीने साबण केला. खोबरेल तेलाचा, त्यात कॉफीची पूड, फुलाच्या साच्यात घातलेला. चूक एवढीच झाली की त्या नाजूक तपकिरी वड्या ठेवायला घरात ताट मिळेना. नाताळात कसं मिळणार? एका ताटात कुलकुल, दुसऱ्यात नेवऱ्या, तिसऱ्यात मिल्क क्रीम आणि पेरूचं चीज. साबण चौथ्या ताटात, मार्झिपॅनच्या शेजारी. काकांनी येता-जाता एक वडी उचलली आणि चावली. सगळं घर श्वास रोखून बघत होतं. काकांनी शांतपणे चावून चावून घास गिळला, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान झालीय. गोड जरा कमी आहे." घरच्या भेटीला नावं ठेवायची नाहीत हा त्यांचा नियम. नको म्हणतील, पण वाईट म्हणणार नाहीत. त्या दिवशी नियमाची कसोटी लागली आणि नियम टिकला.

वाइनचं प्रकरण निराळं. 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार घरात मद्य करायला परवाना लागतो, म्हणून आपण तिला द्राक्षाचा रस म्हणू. हा रस काकू नोव्हेंबरात बरणीत घालतात. द्राक्षं काका आणतात, साखर काका आणतात. यीस्ट कुठल्या दुकानात ताजं मिळतं ते काकांनाच ठाऊक. रोज लाकडी डावाने ढवळायचं कामही त्यांचंच. ढवळल्यावर डाव चाटून बघणं हा गुणवत्ता-तपासणीचा भाग आहे असं ते सांगतात. ही तपासणी पुढे पुढे दिवसातून दोनदा होते. नाताळच्या सकाळी काकू त्यातलीच एक बाटली लाल रिबन बांधून त्यांच्या पुढ्यात ठेवतात, "घ्या, तुमच्यासाठी घरी केलीय." काका बाटली उजेडात धरतात, रंग बघतात, बूच हुंगतात आणि आश्चर्यचकित होतात. इतक्या वर्षांत ते आश्चर्य जराही शिळं झालेलं नाही. संसार टिकायला ही कलाही लागते.

मात्र खरी ठिणगी पडली ती बाटलीच्या दिव्यावरून. सून पुण्याची, हौशी, हाताने चांगली. तिने मोबाइलवर पाहिलं की पुरुषांना बिअरच्या बाटलीचा दिवा फार आवडतो. (मोबाइलवरच्या या पुरुषांना दाढी असते, तिला लावायला घरगुती तेल लागतं आणि ते सतत मांस भाजत असतात. आमचे काका रोज गुळगुळीत दाढी करून वर तुरटी फिरवतात आणि भाजण्याचं खातं काकूंकडे आहे.) तिने माळ्यावरची एक जुनी तपकिरी बाटली घेतली. बुडाजवळ स्पिरिटमध्ये बुडवलेला दोरा गुंडाळला, पेटवला, लगेच बाटली गार पाण्यात धरली. बूड टकन् सुटलं. कडा पॉलिश पेपरने घासल्या, आत दिव्यांची माळ सोडली. दिवा खरंच देखणा झाला होता.

आता ज्यांचा बॉटल मसाल्याशी संबंध आला नाही त्यांना इथे थांबवून सांगायला हवं. आमच्याकडे वर्षाचा मसाला एप्रिल-मे महिन्यांत होतो. मिरच्या कडक उन्हात वाळतात. धणे, तीळ, खसखस, हळकुंड आणि आणखी वीसेक जिन्नस वेगवेगळे भाजले जातात, कारण प्रत्येकाची आच निराळी. मग सगळं कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत काठीने ठासून भरतात, हवेला जागा उरता कामा नये. गडद काचेतून उजेड आत जात नाही म्हणून लाल रंग वर्षभर टिकतो. अशी जाड काचेची जुनी बाटली म्हणजे घरची इस्टेट. सासू ती सुनेच्या हाती सोपवते. सुनेने कापलेली बाटली काकांच्या आईची होती.

रिबन सुटली. दिवा लागला. काकांनी तो वरून पाहिला, बाजूने पाहिला, उलटा करून आत डोळा लावला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बूड कुठे गेलं?"

काकू देवघराकडे बघू लागल्या. सुनेने कचऱ्यात टाकलेलं बूड शोधून आणलं. काकांनी ते बनियनला पुसून खिडकीत ठेवलं. पुढे एक शब्द बोलले नाहीत. दिवा ओसरीत टांगला, तो अजून तिथे आहे, आणि बुडात आता वॉशर असतात. सुनेला त्या मे महिन्यात मसाल्याच्या सगळ्या बाटल्या भरायला बसवलं गेलं. ही शिक्षा होती की बढती, हे तिला अजून कळलेलं नाही.

नातीने लहानपणी कूपनांचं पुस्तक करून दिलं होतं. वहीचे कागद कापून, वर क्रेयॉनने: 'एकदा पाय चेपून मिळतील', 'एकदा स्कूटर धुऊन मिळेल', 'एकदा टीव्हीचा रिमोट मिळेल'. काकांनी ती कूपनं मुदतठेवींच्या पावत्यांबरोबर फाइलला लावली. नात आता कॉलेजात आहे. परवा काकू म्हणाल्या, "अहो, वापरा की ती." काका म्हणाले, "घाई काय आहे? मुदत कुठे लिहिलीय?"

या सगळ्यात काकांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. नाताळच्या पहिल्या भेटी मागी लोकांनी आणल्या: सोनं, ऊद आणि गंधरस. तिन्ही आणलेल्या, घरी केलेली एकही नाही. त्या घरात हाताने काही करू शकणारा एकच माणूस होता, योसेफ. पेशाने सुतार. पण ऐन वेळी त्याच्याजवळ ना रंधा, ना फळी, ना स्वतःचं छप्पर. बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं. सुताराच्या जिवाला ती गव्हाणी कशी दिसली असेल? तिचा एखादा पाय डुगडुगत असणार आणि त्याची नजर पुनःपुन्हा तिकडेच जात असणार. सुवार्तेत हे लिहिलेलं नाही, पण दरवर्षी गोठा बांधताना काका योसेफाचा पुतळा गव्हाणीच्या पायाकडे बघत असलेला ठेवतात.

गोठ्याचा देखावा इटलीत ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली मांडला. तिथे खरा बैल आणि खरं गाढव होतं. काका एवढ्यावर भागवत नाहीत. डिसेंबर लागला की ते थाळीत नाचणी पेरतात, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवंगार गवत. डोंगराला सिमेंटच्या गोण्या, झऱ्याला मत्स्यपेटीचा पंप, चांदणीला बांबूच्या कामट्या. हे त्यांनी कोणाला भेट म्हणून दिलेलं नसतं. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी ते आळीत घरोघर पोचवतात, तीही भेट नव्हे. "जास्त झाली होती," असं सांगून दारातूनच परततात. कोणी "या ना, केक खा" म्हटलं तर काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि तरीही एक भेट काकांना मनापासून आवडली. ती नातवाने दिली, वय बारा. त्याने आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं स्टूल केलं. खिळे वाकडे, फेव्हिकॉल बाहेर आलेला, चार पायांची लांबी चार प्रकारची. काका त्यावर बसले आणि उजवीकडे कलले. उठले, स्टूल फिरवलं, पुन्हा बसले. आता डावीकडे कलले.

"गुण्या लावला होतास?"

"गुण्या म्हणजे?"

काकांच्या डोळ्यांत मी तशी चमक आधी पाहिली नव्हती. मिस्सेचे कपडे अंगावर तसेच, ते पेटारा घेऊन ओसरीत बसले. फुगे आणि सोरपोतेल टेबलावर निवत होतं, पाहुणे खोळंबले होते, काकू दोनदा हाक मारून गेल्या. काकांनी नातवाला गुण्या कसा धरायचा ते दाखवलं, रंधा कुठल्या बाजूने मारायचा ते दाखवलं, पाचर कुठे ठोकायची ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी पाय बदलले. तिसऱ्या दिवशी आडव्या पट्ट्या. नवं वर्ष लागेपर्यंत नातवाच्या स्टुलातली फक्त वरची फळी शिल्लक होती. तीन राजांच्या सणापर्यंत तीही बदलली. आज ते स्टूल दणकट उभं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काका अभिमानाने सांगतात, "हे नातवाने करून दिलं."

तेव्हा ज्यांच्या घरी असे काका, बाबा, सासरे असतील त्यांना माझं सांगणं एवढंच, की यंदा भेट जरूर घरी करा, पण पुरी करू नका. एक पाय आखूड ठेवा, एखादा स्क्रू ढिला ठेवा, रंग अर्धाच द्या. फळी मात्र बरी घ्या, कारण पेटीचं लाकूड पाहिलं की काका आधी तुमच्यावर रंधा मारतात आणि मग लाकडावर. आणि माळ्यावरच्या बाटलीला हात लावण्याआधी काकूंना विचारा.