हानबोकातलं सोवळं

कोरियन मालिका बघून सोलला निघालेल्या बाईला लोक पर्यटक समजतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पर्यटक टूरवाल्याला विचारतो, सात दिवसांत काय काय होईल? हिचं सगळं आधीच ठरलेलं असतं. एक्सेलच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात ठिकाण, दुसऱ्यात मालिका, तिसऱ्यात भाग कितवा ते, आणि चौथ्यात ‘छत्री हवी’. आधी पोथी, मग प्रवास हा क्रम आपल्याकडे तीर्थयात्रेचा. पंचवटीत सीतागुंफेत वाकून शिरणारा माणूस काही दगड बघायला जात नाही. कथा ठाऊक असते म्हणून त्याला तो दगड दिसतो. तेव्हा ही बाई यात्रेकरू आहे, आणि तिला हसायचंच असेल तर त्या हिशेबानं हसावं.

जुमुन्जिनचा धक्काच घ्या. पूर्व किनाऱ्यावर, गांगनुंगजवळ, समुद्रात घुसलेला काँक्रीटचा एक बांध. असले बांध कोकणात प्रत्येक बंदरात आहेत आणि तिथून जाताना ही बाई नाकाला ओढणी लावते. पण 2016 साली सुरू झालेल्या ‘गॉब्लिन’ मालिकेत नायक इथे कुट्टूच्या पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन नायिकेसमोर उभा राहिला, आणि बांधाचं क्षेत्र झालं. आता तिथे फोटोसाठी रांग लागते. हिनं गळ्यात लाल मफलर गुंडाळलेला असतो, तोही मालिकेतल्यासारखाच. नायकाच्या जागी सोबत आणलेला नवरा. त्याला कामं दोनच: फुलं सरळ धरायची आणि पोट आत घ्यायचं.

सोवळ्याओवळ्याची व्यवस्थाही चोख आहे. सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा 1395 सालचा. 1592च्या जपानी स्वारीत जळाला आणि मग पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता. आज तिकीट तीन हजार वॉन, पण हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, नेसून आलात तर फुकट. त्यातही वर हानबोक आणि खाली जीन्स चालत नाही, दोन्ही वस्त्रं हवीत. घरच्या सत्यनारायणाला नऊवारी म्हटल्यावर ‘एवढ्या उकाड्यात?’ म्हणणारी हीच बाई तिथे घेरदार स्कर्ट सावरत फरसबंद चौकात दोन तास हिंडते. क्षेत्राच्या वेळाही पाळाव्या लागतात. बुकचोनच्या जुन्या घरांच्या एका भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना मज्जाव आहे, आणि 2025पासून तो मोडणाऱ्याला एक लाख वॉन दंड. रहिवाशांनाही झोप लागते, हे कळायला आपल्या किती क्षेत्रांना अजून किती वर्षं लागतील, कोण जाणे.

यावर विद्वान म्हणतात, हे सगळं बनावट. धंदेवाईक कंपन्यांनी विकलेली संस्कृती. असेल. पण बडवे कुठल्या क्षेत्री नव्हते? आणि बडव्यांनी लुबाडलं म्हणून कुणाची भक्ती खोटी ठरली नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: हिला खरा कोरिया दिसतच नाही. 2023 साली तिथला जननदर 0.72वर आला, तरुण लोक लग्नाच्या नावानं हात जोडतात, आणि ही तिथे पडद्यावरचं प्रेम शोधत हिंडते. इथे मात्र वकीलपत्र जरा अवघड होतं. ‘पॅरासाइट’ सिनेमातलं गरीब कुटुंब मुसळधार पावसात ज्या पायऱ्यांवरून आपल्या तुंबलेल्या तळघराकडे धावतं, त्या पायऱ्यांवर उभं राहून दोन बोटांचं बदाम करून हसायचं, हे मलाही पटत नाही. तरीही साधा पर्यटक त्या पायऱ्यांपर्यंत पोचतच नाही. त्याला मॉल दाखवून परत आणतात. हिला निदान तळघरात पाणी शिरतं एवढं माहीत असतं. शिवाय खानावळीतल्या बाईला ‘इमो’ म्हणायचं, म्हणजे थेट मावशी, हेही ती पाठ करून गेलेली असते.

पोटापाण्याचं तेवढं विचारू नका. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी असतं, हे शाकाहारी यात्रेकरूला तिथे गेल्यावर कळतं. मग थेपले संपले की ती बौद्ध मठाचा आसरा घेते. मठात मांस-मासळी नाहीच, पण कांदा, लसूण, कांद्याची पातसुद्धा वर्ज्य. चातुर्मासात सासूबाईंच्या कांदा-लसणाच्या नियमांवर ‘हे काय जेवण आहे?’ म्हणणारी ही तिथे वॉन मोजून तेच जेवते आणि मन किती शांत झालं ते फोनवर कळवते.

परतल्यावर काशीच्या गंगेसारखे चेहऱ्याचे मास्क वाटले जातात. शेजारच्या काकू आपला मास्क फ्रिजमध्ये ठेवतात, लग्नकार्याला होईल म्हणून. मग यथासांग मावंदं. टेबलावर लालभडक त्तोकबोक्की, वर हिरवं काहीतरी भुरभुरलेलं. सासूबाई ताट पुढे ओढता ओढता विचारतात, ‘कांदा नाही ना गं यात?’

‘नाही हो आई,’ ती म्हणते, ‘पात आहे फक्त.’